ऑइल पंप आणि तेलाचा दाब : इंजिनाच्या आयुष्याचे गणित

मोटारीची चावी फिरवताच डॅशबोर्डवर जे दिवे क्षणभर उजळतात, त्यांत तेलाच्या झारीच्या आकाराचा एक लाल दिवा असतो. अनेकांना तो अल्लादिनच्या दिव्यासारखा वाटतो. इंजिन सुरू झाले की एक-दोन सेकंदांत तो विझतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्याची आठवणही होत नाही. धावत्या गाडीत तो अचानक लागला, तर बरेच चालक 'तेल थोडे कमी झाले असेल, पुढच्या पंपावर टाकून घेऊ' असा त्याचा अर्थ लावतात. हा समज फार महागात पडू शकतो. हा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, तो तेलाचा दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा इंजिनाच्या आत धातूवर धातू घासण्याची वेळ एक तर येऊन ठेपलेली असते किंवा आलेली असते.

हा दाब कोठून येतो, तो ठराविक मर्यादेत कसा राखला जातो आणि निरनिराळ्या इंजिनांतील ऑइल पंपांत नेमका काय फरक असतो, हे समजून घेतल्यास वाहनमालकाला गॅरेजमधील अनेक सल्ल्यांची पारख करता येते.

पंप दाब देतो की प्रवाह?

ऑइल पंप दाब निर्माण करतो, असे सर्रास म्हटले जाते. काटेकोरपणे पाहिल्यास पंप फक्त तेल ढकलतो. प्रत्येक फेऱ्यात ठराविक घनफळाचे तेल एका बाजूने उचलायचे आणि दुसऱ्या बाजूला सोडायचे, एवढेच त्याचे काम. त्या तेलाला पुढे जाताना जो अडथळा होतो, त्यातून दाब तयार होतो. बागेतील नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाण्याचा जोर वाढतो, तसाच हा प्रकार. इंजिनात अंगठ्याचे काम करतात ती बेअरिंग. क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये साधारणपणे मिलिमीटरच्या अडीच ते साडेसात शतांश भागाएवढी फट असते. या अरुंद फटींतून तेलाला वाट काढावी लागते, म्हणून मागे दाब साचतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दाब कमी दिसला म्हणजे दोष पंपाचाच असेल असे नाही. फटी रुंदावल्या, तेल पातळ झाले किंवा पंपापर्यंत तेल पोहोचलेच नाही, तरीही दाब उतरतो.

दुसरी गोष्ट याहून थोडी अनपेक्षित आहे. फिरत्या क्रँकशाफ्टला तोलून धरणारा दाब पंपाचा नसतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशां टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक छिद्र पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या छिद्रातून वर येऊ लागले. छिद्रात बूच मारले, तर तेच बाहेर ढकलले गेले. तेथे दाबमापक लावल्यावर काटा २०० पीएसआयची मर्यादा ओलांडून गेला. प्रत्यक्षात बेअरिंगवरील सरासरी भार त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. फिरणारा आस तेलाला पाचरीसारखे फटीत ओढून घेतो आणि त्या पाचरीतच प्रचंड दाब उत्पन्न होतो, हे यातून दिसले. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याची गणिती मांडणी केली. आजच्या इंजिनातही बेअरिंगमधील ही तेलाची पाचर शेकडो बारचा दाब सोसते. पंपाचा तीन-चार बारचा दाब ही पाचर सतत भरलेली ठेवण्यासाठी असतो. (एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय, गॅरेजमध्ये दोन्ही एकके वापरात आहेत.)

शिंतोड्यांपासून पंपापर्यंत

सुरुवातीच्या मोटारींना ऑइल पंप असलाच पाहिजे, असे नव्हते. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीत पंप नव्हता. फिरणारे फ्लायव्हील तेल उडवी, ते एका नरसाळ्यात पडे आणि नळीवाटे पुढे जाई; बाकीचे काम शिंतोड्यांवर भागे. शेव्हरोले कंपनीच्या १९२९ च्या सहा सिलिंडरच्या इंजिनात पंप होता, तरी कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तेल मिळे ते पन्हळीत बुडणाऱ्या छोट्या पळ्यांमुळे. त्या इंजिनाच्या सर्व आवृत्त्यांत पूर्ण दाबाची वंगणव्यवस्था येण्यास १९५४ उजाडले. वेग, भार आणि तापमान वाढत गेले तसे शिंतोड्यांवर विसंबणे अशक्य झाले.

तेलाचा प्रवास

आजच्या मोटारीत तेलाचा साठा इंजिनाच्या तळाशी असलेल्या संपमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'चेंबर'मध्ये असतो. तेथे बुडालेल्या जाळीतून पंप तेल ओढतो. पंपातून निघालेले तेल फिल्टरमधून मुख्य वाहिनीत आणि तेथून क्रँकशाफ्टच्या मेन बेअरिंगकडे जाते. क्रँकशाफ्टमध्ये कोरलेल्या छिद्रांतून ते कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना मिळते. दुसरी शाखा सिलिंडर हेडकडे चढते व कॅमशाफ्ट आणि हायड्रॉलिक टॅपेटना तेल देते. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि टर्बोचार्जर हेही याच दाबावर अवलंबून असतात. टर्बोचा आस मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. तेलाचा पडदा फाटला, तर तो फार थोड्या वेळात निकामी होतो.

या मार्गावर दोन संरक्षक व्यवस्था असतात. फिल्टर चोंदला किंवा थंडीत तेल फार दाट असले, तर बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जाते. गाळलेले नसले तरी तेल असणे, हे तेल नसण्यापेक्षा बरे, हा त्यामागील विचार. इंजिन बंद असताना फिल्टरमधील तेल खाली उतरू नये म्हणून अनेक फिल्टरमध्ये रबरी पडदा असतो. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये हा पडदा कडक होतो आणि रोज सकाळी इंजिन काही क्षण कोरडे फिरते.

पंपांचे प्रकार

मोटारींतील बहुतेक पंप 'ठराविक घनफळ' ढकलणारे असतात. फेरे दुप्पट झाले की तेलही जवळपास दुप्पट. फरक असतो तो आतील रचनेत.

बाह्य दातचक्रांचा पंप : एकमेकांत गुंतलेली दोन सारखी दातचक्रे एका घट्ट कवचात फिरतात. तेल दातांमधील खोबणींत भरून कवचाच्या भिंतीलगत कडेकडेने पुढे जाते. मध्यभागी दात एकमेकांत अडकलेले असल्याने ते मागे परतू शकत नाही. रचना साधी, मजबूत आणि घाण सहन करणारी. मात्र प्रवाहात ठोके असतात व आकारमानाने तो मोठा होतो. शेव्हरोलेच्या १९५५ च्या प्रसिद्ध व्ही-८ इंजिनात असाच पंप मागच्या मेन बेअरिंगच्या टोपीवर बसवलेला होता.

अंतर्गत दातचक्रांचा पंप : येथे लहान चक्र मोठ्या कड्याच्या आत फिरते. दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत चंद्रकोरीच्या आकाराचा स्थिर तुकडा असतो. तो ओढण्याची आणि सोडण्याची बाजू वेगळी ठेवतो. हा पंप लांबीला कमी असल्याने क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर सहज बसतो.

जेरोटर पंप : यात चंद्रकोर नसते. आतील चाकाला बाहेरच्या कड्यापेक्षा एक दात कमी असतो, आणि दोघांचे मध्य किंचित सरकवलेले असतात. फिरताना दातांमधील पोकळ्या आळीपाळीने मोठ्या व लहान होतात. मोठ्या होताना तेल ओढतात, लहान होताना ढकलतात. अमेरिकेतील मायरन हिल यांनी १९२० च्या दशकात या रचनेचा पद्धतशीर अभ्यास केला. भाग मोजके, आवाज कमी आणि प्रवाह बराच सलग यामुळे गेल्या काही दशकांत हा प्रकार सर्वत्र पसरला. सुझुकीच्या जी मालिकेतील इंजिनांत, म्हणजे भारतात झेन, एस्टीम आणि जिप्सी या गाड्यांना मिळालेल्या इंजिनांत, क्रँकशाफ्टच्या पुलीकडील बाजूस असाच पंप असे. जपानी पुस्तिकांत त्याला 'ट्रोकॉइड' पंप म्हटले जाते.

पात्यांचा पंप : मध्यापासून बाजूला सरकवलेल्या कड्यात एक चाक फिरते आणि त्याच्या खाचांतील पाती कड्याला टेकून आत-बाहेर सरकतात. ही कल्पना जुनी आहे; इटालियन अभियंता आगोस्तिनो रामेल्ली यांच्या १५८८ च्या यंत्रविषयक ग्रंथातही पात्यांच्या पंपाचे चित्र आढळते. आधुनिक मोटारीत त्याला महत्त्व आले ते एका वेगळ्या गुणामुळे. कड्याचे सरकणे कमी-जास्त केले की प्रत्येक फेऱ्यात ढकलल्या जाणाऱ्या तेलाचे प्रमाणही बदलता येते.

पंप कोठे बसतो, कोण फिरवतो

प्रकाराइतकेच महत्त्व पंपाच्या जागेला आहे. जुन्या इंजिनांत पंपाला गती कॅमशाफ्टकडून मिळे, त्यामुळे तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरे. अॅम्बॅसॅडरचे बीएमसी बी-मालिकेतील इंजिन याच पठडीतले. विलीज जीपच्या जुन्या चार सिलिंडर इंजिनात तर डिस्ट्रिब्युटरला गती ऑइल पंपाच्या आसाकडून मिळते. पंप काढून पुन्हा बसवताना एक दात जरी चुकला तरी इग्निशनची वेळ बिघडते, हे जुने मेकॅनिक जाणून असतात.

पंप थेट क्रँकशाफ्टच्या टोकावर बसवला की मधले आस आणि चक्रे वाचतात. बिघडण्याजोगे भाग कमी होतात. तोटा असा की पंप तेलाच्या पातळीपेक्षा बराच वर असतो आणि इंजिनाच्या पूर्ण वेगाने फिरतो. तेल ओढण्यासाठी पंपाकडे फार तर वातावरणाच्या एका बारएवढा जोर असतो. त्याहून अधिक 'ओढ' निसर्गातच शक्य नाही. त्यामुळे जाळी अर्धवट चोंदली, ओढनळीचे रबरी कडे कडक झाले किंवा वेग फार वाढला, तर तेलाबरोबर हवा येते अथवा तेलात बुडबुडे तयार होतात. इंजिन उघडून जोडल्यावर असा पंप आधी तेलाने भरून घेणे आवश्यक असते, अन्यथा पहिली काही मिनिटे तो नुसती हवाच घुसळतो.

तिसरी पद्धत म्हणजे पंप खाली, तेलाजवळ ठेवून त्याला साखळीने किंवा पट्ट्याने फिरवणे. येथे पंपाचा वेग हवा तसा ठरवता येतो आणि ओढ सोपी होते. मात्र साखळी, पट्टा व टेन्शनर या कड्या वाढतात.

दाबाला लगाम : रिलीफ व्हॉल्व्ह

समजा, एक पंप दर फेऱ्याला १० घनसेंटिमीटर तेल ढकलतो आणि क्रँकशाफ्टच्याच वेगाने फिरतो. गळती बाजूला ठेवल्यास ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला तो मिनिटाला ८ लिटर तेल देईल, तर ६,००० फेऱ्यांना ६० लिटर. आयडलिंगला पुरेल असा पंप निवडला की वरच्या वेगाला तो गरजेच्या दुप्पट तेल देतो. हे सारे तेल बेअरिंगच्या फटींतून दामटले, तर दाब इतका चढेल की फिल्टरचा डबा फुगेल, गास्केट फुटतील आणि पंपाच्या चालकावर ताण येईल.

म्हणून पंपाच्या लगेच पुढे रिलीफ व्हॉल्व्ह असतो. रचना अगदी साधी : एका भोकात सरकणारा दट्ट्या किंवा गोळी, आणि त्यामागे ठराविक ताकदीची स्प्रिंग. तेलाचा दाब स्प्रिंगपेक्षा भारी झाला की दट्ट्या मागे सरकतो, बाजूची वाट उघडते आणि जादा तेल चेंबरमध्ये किंवा पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला परत जाते. दाब उतरला की स्प्रिंग वाट बंद करते. वरच्या उदाहरणातील इंजिन गरम असताना ४ बार दाबाला मिनिटाला २४ लिटर तेल घेत असेल आणि व्हॉल्व्ह ४ बारला उघडत असेल, तर साधारण २,४०० फेऱ्यांनंतर काटा तेथेच स्थिरावेल. पुढे फेरे कितीही वाढले तरी जास्तीचे तेल व्हॉल्व्हवाटे परत जाईल.

थंड इंजिनात हाच व्हॉल्व्ह आयडलिंगलाही उघडू शकतो, कारण दाट तेल फटींतून सहज जात नाही. ५डब्ल्यू-३० दर्जाचे तेल ४० अंश सेल्सियसला जेवढे दाट असते, त्याच्या सुमारे एक षष्ठांशच दाटपणा १०० अंशांना उरतो. सकाळी काटा वर आणि वाहतूक कोंडीत तापल्यावर खाली, हे म्हणूनच स्वाभाविक आहे.

रिलीफ व्हॉल्व्ह दाबाची फक्त कमाल मर्यादा ठरवतो, किमान नव्हे. ही गोष्ट लक्षात न घेतल्याने बरेच चुकीचे इलाज केले जातात.

अडीच शतांशांचा फरक

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. आयडलिंगला ८ लिटर प्रवाह असताना या इंजिनाचा गरम दाब ८ भागिले २४ गुणिले ४, म्हणजे सुमारे १.३ बार भरेल. आता बेअरिंगची फट ०.०५ मिलिमीटरवरून ०.०७५ मिलिमीटरपर्यंत झिजली असे समजू. वाढ फक्त ०.०२५ मिलिमीटरची, माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. पण अरुंद फटीतून होणारा प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दीडपट झाली की तेवढ्याच दाबाला तेल ३.४ पट वाहते. त्यामुळे आयडलिंगचा दाब १.३ बारवरून ०.४ बारच्याही खाली येतो. बहुतेक गाड्यांत लाल दिव्याचा स्विच ०.३ ते ०.५ बारच्या दरम्यान काम करतो. म्हणजे सिग्नलला थांबल्यावर दिवा लुकलुकू लागेल.

अॅक्सिलरेटर दाबून फेरे २,५०० वर नेले की दाब १.२ बारपर्यंत चढतो आणि दिवा विझतो. 'गाडी चालताना दिवा लागत नाही, म्हणजे ठीक आहे' असे चालकाला वाटते. वास्तविक त्या वेगाला निरोगी इंजिनात ४ बार असायला हवे होते.

अशा गाडीवर केले जाणारे तीन लोकप्रिय उपाय याच आकड्यांवर तपासून पाहता येतात. पहिला, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकून ती कडक करणे. दाब १.२ बारवर असताना ४ बारचा व्हॉल्व्ह बंदच असतो. त्याला आणखी घट्ट बंद करून काहीच साधत नाही. वॉशरचा परिणाम दिसतो तो सकाळी, थंड तेलाचा दाब अकारण वाढण्यात. दुसरा, जास्त क्षमतेचा पंप बसवणे. २५ टक्के मोठा पंप दाबही साधारण २५ टक्केच वाढवेल, ०.३९ चे ०.४९ होईल. तिसरा, दाट तेल किंवा बाटलीतले मिश्रण ओतणे. काटा वर जातो खरा, पण झीज भरून येत नाही, आणि नव्या इंजिनांतील बारीक वाहिन्यांत दाट तेल उशिरा पोहोचते. जुन्या गाड्यांना २०डब्ल्यू-५० चालत असे, म्हणून ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनातही ते चालेल, हा तर्क धोक्याचा आहे.

अर्थात, दोष रिलीफ व्हॉल्व्हमध्येही असू शकतो. धातूचा कण अडकून दट्ट्या उघडाच राहिला, तर दाब सर्वच वेगांना कमी राहतो. बंद अवस्थेत अडकला, तर दाब बेफाम चढतो. पंपाच्या चक्रांची बाजूची फट साधारण ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त झाली, तर तेल आतल्या आत मागे गळते. म्हणून अनुभवी मेकॅनिक पंप बदलण्याआधी फीलर गेजने या फटी मोजतो, दट्ट्या बोटाने सरकवून पाहतो आणि त्यानंतरच निष्कर्ष काढतो.

गरजेपुरतेच तेल : बदलत्या क्षमतेचे पंप

ठराविक क्षमतेचा पंप आधी तेलावर दाब चढवतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह त्यातील बराचसा भाग वाया घालवतो. मिनिटाला ६० लिटर तेल ४ बार दाबाने ढकलण्यास, घर्षण न धरताही, ४०० वॅट शक्ती लागते. ही शक्ती इंधनातूनच येते. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तसे कारखानदारांचे लक्ष या उधळपट्टीकडे वळले.

बदलत्या क्षमतेच्या पात्यांच्या पंपात बाहेरचे कडे एका खिळीवर डोलते. स्प्रिंग त्याला जास्तीत जास्त सरकवून ठेवते; मुख्य वाहिनीतील तेलाचा दाब त्याला उलट दिशेने ढकलतो. दाब वाढला की कडे मध्याकडे येते, पोकळ्या लहान होतात आणि पंप कमी तेल उचलतो. जादा तेल परत सोडण्याऐवजी ते मुळातच उचलले जात नाही. बीएमडब्ल्यूने २००४ च्या सुमारास आपल्या सहा सिलिंडरच्या एन-५२ इंजिनात प्रवाह नियंत्रित करणारा पंप आणला. फोक्सवॅगन समूहाच्या ईए-८८८ मालिकेतील इंजिनांत वेगळी युक्ती आहे : बाह्य दातचक्रांपैकी एक चक्र अक्षाच्या दिशेने सरकते, त्यामुळे दात एकमेकांत कमी लांबीपर्यंत गुंततात आणि प्रवाह घटतो.

नव्या पंपांत यावर विजेचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. इंजिनाचा संगणक वेग, भार आणि तापमान पाहून कमी की जास्त दाब हवा ते ठरवतो. शांतपणे चालणाऱ्या गाडीला २ बार पुरतात. घाटात भार वाढला किंवा फेरे चढले की दाब वाढवला जातो. पिस्टनच्या तळावर तेलाचा फवारा मारणाऱ्या जेट ठराविक दाबानंतरच उघडतात, हेही त्यामागील एक कारण. वरच्या उदाहरणात २,५०० फेऱ्यांना जुना पंप २५ लिटर तेल ४ बारने ढकलत सुमारे १६७ वॅट खातो. तेथे १२ लिटर तेल २ बारने दिले, तर ४० वॅट पुरतात. बहुतेक रचनांत सोलेनॉइडची वीज गेली, तर पंप आपोआप जास्त दाबाकडे झुकतो, म्हणजे बिघाडातही इंजिन सुरक्षित राहते.

याची किंमतही आहे. अशा पंपांत सरकणारे भाग व बारीक वाहिन्या अधिक असतात आणि त्यांना घाण सोसत नाही. तेल बदलण्यात केलेली चालढकल जुन्या दातचक्रांच्या पंपाने खपवून घेतली, ती नवा पंप खपवून घेईलच असे नाही. शिवाय अशा गाडीत दाब कमी दिसला, तर तो बिघाड आहे की संगणकाने मुद्दाम राखलेला दाब आहे, हे कंपनीच्या पुस्तिकेतील आकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

बिघाडाची दोन उदाहरणे

तेल वेळेवर न बदलल्यास किंवा फार तापल्यास त्याचा चिकट गाळ होतो आणि तो पंपाच्या जाळीवर बसतो. चेंबरमध्ये तेल पुरेसे असूनही पंप उपाशी राहतो. २००२ मध्ये टोयोटाने अमेरिकेत १९९७ ते २००२ या काळातील काही इंजिनांसाठी, तेलाचा असा गाळ झाल्यास दुरुस्तीच्या खर्चाचे संरक्षण देणारी विशेष योजना जाहीर केली होती.

दुसरे उदाहरण पंप फिरवणाऱ्या पट्ट्याचे. डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने अमेरिकेत एक लिटरच्या इंजिनाच्या सुमारे १ लाख ३९ हजार गाड्या परत बोलावल्या. त्यांत २०१६ ते २०१८ ची फोकस आणि २०१८ ते २०२२ ची इकोस्पोर्ट यांचा समावेश होता. अमेरिकेत विकली गेलेली इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या कारखान्यातून निर्यात होत असे. ऑइल पंपाच्या पट्ट्याच्या टेन्शनरचा दांडा तुटू शकतो किंवा तेलात राहणाऱ्या पट्ट्याचे दात झडू शकतात, असा तो दोष होता. पंप थांबला की तेलाचा दाब जातो, इंजिन बंद पडू शकते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्यही नाहीसे होते. म्हणजे ऑइल पंपाचा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. तो प्रवाशांच्या सुरक्षिततेशीही निगडित आहे.

भारतीय रस्त्यांवर याला आणखी एका कारणाची जोड मिळते. उंच गतिरोधकावर किंवा दगडावर चेंबर आपटून पोचा आला, तर तळाचा पत्रा वर येऊन जाळीला चिकटतो. तेल गळत नाही, डीपस्टिकवर पातळी योग्य दिसते, पण वेग वाढला की दाब कोसळतो. असा फटका बसल्यानंतर गाडीखाली नजर टाकणे म्हणूनच आवश्यक आहे.

दिवा लागल्यास काय करावे

गरम इंजिनाला आयडलिंगला साधारण ०.७ ते २ बार आणि वेगात ३ ते ४ बार दाब असणे सर्वसामान्य मानले जाते. 'दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय' हा जुना ठोकताळा उपयोगी आहे. तथापि अंतिम शब्द त्या गाडीच्या पुस्तिकेचा. बहुतेक गाड्यांत दाबाचा काटा नसतो, फक्त दिवा असतो, आणि दिवा लागतो तो दाब जवळजवळ संपल्यावरच.

धावत्या गाडीत लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. पाच-दहा मिनिटांनी, सपाट जागी डीपस्टिक पाहावी. तेल कमी असेल, तर योग्य दर्जाचे तेल भरून इंजिन सुरू करावे. दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर लगेच बंद करावे. पातळी योग्य असूनही दिवा लागला असेल, तर इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी ओढून न्यावी. 'गॅरेज जवळच आहे' हा विचार अनेक इंजिनांना भोवला आहे.

गॅरेजमध्ये पहिली मागणी नव्या पंपाची नसावी, दाबमापक लावण्याची असावी. दिव्याचा स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज बसवायचे, इंजिन पूर्ण तापवायचे आणि आयडलिंगला व २,५०० ते ३,००० फेऱ्यांना दाब नोंदवायचा, एवढीच ही चाचणी आहे. दाब योग्य निघाला, तर दोष स्विच किंवा वायरिंगचा. सर्व वेगांना कमी निघाला, तर जाळी, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह पाहायचा. बेअरिंगची झीजही सर्व वेगांना दाब उतरवते, म्हणून जाळी, पंप आणि व्हॉल्व्ह निर्दोष ठरले की संशय बेअरिंगवर येतो आणि इंजिन उघडण्याची तयारी ठेवावी लागते.

जुनी मोटार विकत घेणाऱ्यांनाही हे उपयोगी आहे. थंड इंजिनात दिवा विझतोच. म्हणून गाडी निदान अर्धा तास चालवून, पूर्ण तापल्यावर, एसी बंद करून आयडलिंगला ठेवावी आणि दिव्याकडे पाहावे. डीपस्टिकवरील तेल नेहमीपेक्षा फार दाट वाटले, तर त्यामागचे कारण विचारावे. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, दिवा लागतो की नाही हेही तपासावे. जो दिवा तेव्हाही लागत नाही, तो निरोगी इंजिनाची खूण नसून जळालेला बल्ब किंवा काढून ठेवलेली वायर असू शकते.